देल्फीनाचं गोड पिंप

तळघरात उतरताना ती शेवटची पायरी टाळायची. दार लोटण्याआधी खोकायची, जणू आत कुणी कपडे बदलत असावं. पिंपाला कान लावायचा तर डावा लावायची. उजवा माणसांसाठी, म्हणायची. पेला धुतल्यावर पुसायची नाही, उपडा ठेवायची. द्राक्षं खाताना बिया गिळून टाकायची. फोनवर बोलताना चालत सुटायची आणि बोलणं संपेल तिथे उभी राहून, आपण इथे कशाला आलो, ते आठवायची. गाणं म्हणायची ते फक्त पहिली ओळ. आणि तिला कुणाला "नाही" म्हणता यायचं नाही. त्याऐवजी ती म्हणायची, "बघू."

हे सगळं मी भूतकाळात लिहिते आहे. देल्फीना जिवंत आहे. परवा मी तिच्याशी फोनवर बोलले. तरी लिहायला बसलं की भूतकाळच येतो.

ती माझ्याहून बरीच मोठी. मी शाळेत होते तेव्हा ती मला माळ्यावर नेऊन द्राक्षांचे कुजके मणी खुडायला लावायची आणि बदल्यात शिव्या शिकवायची. मी वेरोना शहरात जाऊन साहित्य शिकले, पदवी घेऊन परत आले, आणि आठवड्यातून दोन दुपारी गावच्या वाचनालयात बसायला लागले. आमच्याकडे कुठल्याही पदवीधराला डॉक्टर म्हणतात. तेव्हापासून ती मला डॉक्टरीणबाई म्हणायची. "काय डॉक्टरीणबाई, आज कुठलं पुस्तक मेलं?" असं चौकातून ओरडायची.

त्यांचं घर मारानो गावाच्या वर, रस्ता संपतो तिथे आहे. खाली तळघर, मध्ये माणसं, वर माळा. माळ्यावर बांबूच्या ताट्या, एकीवर एक. द्राक्षं तोडल्यापासून जानेवारीपर्यंत ती या ताट्यांवर सुकत पडलेली असतात. खिडक्या उघड्या. धुकं आलं की बंद, वारा आला की पुन्हा उघड्या. देल्फीनाचे वडील, ओलिंदोकाका, म्हणायचे, "वर द्राक्षं, खाली वाइन. आपण मधले पाहुणे."

सगळा घड सुकवायचा नसतो. घडाच्या खांद्याला दोन बारके फाटे असतात. ऊन त्यांनाच आधी लागतं. आमच्या बोलीत त्यांना रेचे, म्हणजे कान, म्हणतात, आणि त्या कानांवरूनच आमच्या गोड तांबड्या वाइनला नाव पडलं, रेचोतो. सुकलेली द्राक्षं जानेवारीअखेर चिरडायची. रस थंडीत सावकाश आंबतो. तो पुरा आंबण्याआधी त्याला थांबवायचं, तर गोडी उरते. थांबवायचं म्हणजे कडाक्याच्या सकाळी, उतरत्या चंद्रात, वरची वाइन गाळावरून काढून दुसऱ्या पिंपात घालायची. फडक्याच्या पिशवीतून, थेंब थेंब. थोड्या दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. थंडी चांगली असली तर वाइन गप्प होते. नसली तर सगळी साखर खाऊन टाकते, आणि हातात येते कडू, कोरडी, दांडगी वाइन. तिला गावात एकच शब्द आहे. पळालेली.

वाइन पळण्यात लाज अशी नव्हती. परदेशी गिऱ्हाइकं हल्ली पळालेलीच मागतात. आजूबाजूच्या सगळ्या घरांनी ती मुद्दाम करायला घेतली आहे, नाव बदलून, जड बाटलीत. ओलिंदोकाकाही तीच विकायचे. पण प्रत्येक घरात एक पिंप गोड ठेवायचं. बारशाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि लग्नाला.

लग्नाला तर हवीच. मुलीच्या घरची वाइन, मुलीच्या बापाच्या हातचा पहिला पेला, जावयाला. तिथे पळालेली वाइन ओतली तर काय होतं, ते गावात लहान पोरांनाही ठाऊक आहे. मुलगी पळते.

देल्फीनाच्या घरी गोड पिंपाचं काम आईचं होतं. अंचिल्लाकाकूची वाइन कधी पळाली नाही, असं सगळे म्हणतात. काकू कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. तिचा एक नियम होता. वाइन गाळावरून काढायला जिनं सुरुवात केली, तिनंच ती संपवायची, मध्ये हात बदलायचा नाही. काकू गेली आणि ते काम देल्फीनाकडे आलं. मागून घेतलं नाही. कुणीतरी करायला हवं होतं आणि ती "नाही" म्हणाली नाही.

त्याच शरद ऋतूत मार्तीनोनं तिला मागणी घातली.

मार्तीनो दगडाच्या कारखान्यात काम करतो. खाली सांत-आम्ब्रोजोला, आमच्याकडचा तांबडा संगमरवर कापतात तिथे. त्याच्या भुवयांत कायम दगडाची पूड असते. फार बोलत नाही, उशिरा येत नाही, पत्त्यांत लबाडी करत नाही. त्याच्याबद्दल वाईट बोलायचं तर आधी बराच विचार करावा लागतो. रविवारचं जेवण चाललं होतं. मक्याच्या पिठाचा पोलेंता आणि ससा. मीही होते. त्यानं तोंड पुसलं आणि सरळ विचारलं.

देल्फीना म्हणाली, "बघू."

ओलिंदोकाका हसले. "बघू काय? हा काय बैल आहे, दात बघायला?"

"तसं नाही, बाबा."

"मग?"

ती ताटात बघत राहिली. मग म्हणाली, "आईनं केलेलं संपलंय. घरात गोड वाइन नाही. पळालेली ओतणार का माझ्या लग्नात?"

काकांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. बायकोची आठवणही आली असेल.

"वाइन थांबली की करू," देल्फीना म्हणाली.

मार्तीनोनं टेबलावरून हात पुढे केला. "ठरलं," म्हणाला. तिनं हात मिळवला. पेले भरले. सगळे खूश होते. तीही हसत होती.

पहिल्या हिवाळ्यात वाइन पळाली.

कुणाला नवल वाटलं नाही. पहिलीच खेप होती. चौकात झिताआजीचा बार आहे. आजीनं हातातला कप पुसत तिला विचारलं, "काय गं, कुठवर गेली तुझी? बसथांब्यापर्यंत?"

"वेरोना ओलांडलं असेल, आजी."

"दार उघडं टाकतेस, दुसरं काय. आई कशी राखायची बघितलं नाहीस?"

"आई तिच्याकडे डोळे वटारून बघायची. मला जमत नाही."

दुसऱ्या हिवाळ्यात दक्षिणेकडून उबदार वारा आला आणि फेब्रुवारीतच बदाम फुलले. वाइन पळाली. तिसऱ्या हिवाळ्यात नुसता पाऊस आणि धुकं. माळ्यावर बुरशी चढली. आम्ही दोघी तोंडाला फडकी बांधून मणी खुडत बसलो. त्या वर्षीही पळाली.

या काळात मार्तीनोनं समोरच्या उतारावर घर बांधलं. देल्फीनाच्या खिडकीतून ते दिसायचं. आधी भिंती, मग छप्पर, मग हिरव्या खिडक्या. एकदा तो टेप घेऊन आला आणि तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून घेऊन गेला. स्वयंपाकाचा ओटा तिच्या मापाचा करायचा होता, तांबड्या दगडाचा. ती हात वाकवून शिंप्यापुढे उभी राहावी तशी उभी राहिली. तो गेल्यावर कितीतरी वेळ तिचा हात तसाच वाकलेला होता. मीच म्हटलं, "खाली घे आता."

तळघराची शेवटची पायरी पूर्वी हलायची. म्हणून ती टाळायची. मार्तीनोनं ती उखडून नवी बसवली, अशी पक्की की वर बैलगाडी नाचवावी. देल्फीनानं त्याचे आभार मानले. आणि पुढेही ती पायरी टाळतच राहिली.

तिसऱ्या वर्षी त्यानं एक तोडगा काढला. "वाइन थंड करायचं यंत्र मिळतं. बटण दाबलं की थांबते. मी आणतो."

"बघू," ती म्हणाली.

या वेळी ओलिंदोकाकाच आडवे आले. "बटणानं थांबली तर ती आपली कशी? ती बटणाची. उद्या लग्नात पहिला पेला कोण देणार, वीज कंपनी?"

मार्तीनो हसला. यंत्राचं बोलणं तिथेच राहिलं. देल्फीनानं वडिलांच्या ताटात सशाचा दुसरा तुकडा वाढला.

गाव तोवर चेष्टेवर उतरलं होतं. लोक तिला वाइनवाली नवरी म्हणायचे. मार्तीनोला विचारायचे, "काय रे, सासरची वाइन अजून पळतेच, की बसली पाय मोडून?" तो म्हणायचा, "थांबायची सवय नाही अजून तिला. शिकेल." तो देल्फीनाबद्दल बोलतोय की वाइनबद्दल, ते त्यालाही माहीत नसावं.

मला वाटायचं, तिला जमत नाही. इतकंच. मी पुस्तकं वाचलेली मुलगी आहे, पण तळघरात पिशवी धरून तिच्या शेजारी उभी राहायचे आणि मला काही दिसायचं नाही.

चौथा हिवाळा यंदाचा.

जानेवारी संपता संपता थंडी पडली. जुनी माणसं सांगतात तसली. चौकातलं कारंजं गोठलं. झिताआजीनं बारच्या दारावर घोंगडी टांगली. वेलींच्या तारा सकाळी पांढऱ्या दिसायच्या, दुपारीही पांढऱ्याच. मार्तीनो कामावरून परस्पर वर आला आणि अंगणात उभा राहून त्यानं तोंडातून वाफ सोडून दाखवली. लहान मुलासारखा.

"देल्फीना! बघ!"

"बघितलं," ती खिडकीतून म्हणाली.

"ही नाही पळायची यंदा!"

"बघू."

त्यानंतर सगळं गाव तिच्या मागे लागलं. पाववाला विचारायचा, टपालवाली विचारायची. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर पाद्रीबाबांनी तिला दारात गाठलं. "थांबली का, बाळ? मे महिन्याच्या तारखा मी कुणाला दिल्या नाहीत अजून." झिताआजीनं नवीन बूट आणून ठेवले. माझ्यासमोरच तिला म्हणाली, "तुझ्या लग्नाची वाट बघता बघता जुन्यांचे तळ गेले, भवाने."

देल्फीना हसली. बूट छान आहेत म्हणाली.

एका दुपारी मी तळघरात गेले तेव्हा ती मोठ्या पिंपाला डावा कान लावून बसली होती. आंबणारी वाइन बोलते. बारीक चरचर, पावसात पत्रा वाजावा तशी, पण लांबून. आधीच्या तिन्ही वर्षी ती चरचर मार्चपर्यंत चालू होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे?"

"गप्प आहे." तिनं कान काढला. गालावर लाकडाचा वळ उठला होता. "शेवटचं एकदा गाळावरून काढली की झालं. मग नाही उठायची."

"अगं, मग थांबली की!"

"हो," ती म्हणाली. "थांबली."

मी तिला मिठी मारली. तिनंही मारली. तिच्या केसांना माळ्याचा वास येत होता. मनुकांचा आणि धुळीचा.

चंद्र उतरायला लागला तशी तिनं मला सकाळी बोलावलं. ती आधीच कामाला लागली होती. अंगावर अंचिल्लाकाकूचा निळा एप्रन. मोठ्या पिंपाची तोटी, तोटीखाली बादली, बादलीतून पिशवीत, पिशवीतून लहान पिंपात. मी पिशवी धरायची, ती ओतायची. वाइन जाड होती, काळ्या चेरीच्या पाकासारखी, आणि इतकी थंड की बोटं दुखायची. ती पहिली ओळ गुणगुणत होती, नेहमीचीच.

मोठं पिंप निम्म्यावर आलं. तिनं तोटी बंद केली. बोट बुडवून चाखलं. मलाही चाखवलं.

"गोड आहे," मी म्हटलं.

"आईसारखी झाली," ती म्हणाली.

तिनं लहान पिंपाच्या भोकावर लाकडी बूच ठेवलं. धूळ जाऊ नये म्हणून, असं मला वाटलं. लाकडी हातोडा शेजारी होता. तो तिनं उचलला, हातात तोलला आणि परत ठेवला. हात एप्रनला पुसले.

"धर जरा. आले मी," ती म्हणाली.

जाताना तिनं शेवटची पायरी टाळली. ती माझ्या डोळ्यांत राहिली आहे, दोन पायऱ्या एकदम चढणारी तिची टाच.

मी पिशवी धरून उभी राहिले. पिशवीत उरलेली वाइन बादलीत ठिबकत होती. बोटं बधिर झाली. मला वाटलं, संडासला गेली. मग वाटलं, फोन आला, बोलत बोलत द्राक्षमळ्यात गेली आणि तिथे आठवत उभी राहिली. ठिबकणंही थांबलं, तेव्हा पायऱ्यांवर पावलं वाजली. ओलिंदोकाका होते. डोक्यावर टोपी नव्हती. मी त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"पळाली," ते म्हणाले.

"नाही हो, काका. थांबलीय. चाखून बघा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग बादलीकडे.

"वाइन नाही गं," ते म्हणाले.

एप्रनवरच कोट घालून ती त्यांच्यासमोरून गेली होती. हातात कपड्यांची पिशवी. बाबा, मी मावशीकडे जाते, म्हणाली. मावशी राहते पो नदीच्या मुखाशी, जिथे सगळं सपाट आहे आणि वेल म्हणून दिसत नाही. काकांनी विचारलं, आजच? ती म्हणाली, बस आहे आत्ता. काकांनी विचारलं, परत कधी येशील?

"मग? काय म्हणाली?" मी विचारलं.

"बघू म्हणाली."

ते पायरीवर बसले. मार्तीनोनं बसवलेल्या. देल्फीनाचं "बघू" आम्हा दोघांनाही कळत होतं. मला वाटतं, त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत खाली पोचली. बारमध्ये कुणीतरी तो विनोद केलाच, वाइन राहिली आणि नवरी पळाली म्हणून. झिताआजीनं त्याच्या पुढ्यातला पेला उचलून मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी तिनं जुने बूट पुन्हा पायात घातले.

परवा देल्फीनाचा फोन आला. आवाज नेहमीसारखा. मागे समुद्रपक्ष्यांचा गलका. मावशीचा शेजारी मासळीबाजारात आहे, तिथे तिला काम मिळालं आहे.

"काय डॉक्टरीणबाई?" म्हणाली.

मला रडू येईल असं वाटलं होतं. राग आला.

"चार वर्षं, देल्फीना. चार वर्षं मी तुझी पिशवी धरली."

"पहिल्या वर्षी खरंच पळाली गं. शपथेवर. दुसऱ्या वर्षी एकदा काढायची होती तेव्हा मी दोन दिवस उशीर केला. तिसऱ्या वर्षी काही करावंच लागलं नाही."

"आणि यंदा?"

"यंदा थंडी पडेल असं वाटलं नव्हतं."

ती चालत असावी. पावलं ऐकू येत होती.

"मग शेगडी पेटवायची होतीस तळघरात," मी म्हटलं. "एका रात्रीत पळाली असती. कुणाला कळलं नसतं."

"वाइनला? ते कसं करणार? तिनं काय केलं होतं माझं?"

"आणि मार्तीनोनं काय केलं होतं?"

पावलं थांबली.

"काहीच नाही," ती म्हणाली. "तेच तर. काहीतरी केलं असतं त्यानं, तर नाही म्हणता आलं असतं."

मग तिनं विचारलं, लहान पिंपाचं बूच ठोकलं का कुणी? मी म्हटलं, नाही. बाबांनी? मी म्हटलं, बाबा हात लावत नाहीत. जिनं सुरुवात केली तिनंच संपवायची, म्हणतात. ती "हं" म्हणाली. ती परत कधी येणार, ते मी विचारलं नाही. मला ते उत्तर ऐकायचं नव्हतं.

मार्तीनो रविवारी वर आला होता. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच. भुवया धुतलेल्या होत्या. ओलिंदोकाका माळ्यावर ताट्या झाडत होते, खाली आले नाहीत. मीच त्याच्याबरोबर तळघरात गेले. तो सगळ्या पायऱ्या उतरला, शेवटचीसुद्धा.

सगळं तसंच होतं. बादली, आणि तिच्या काठावर वाळून कडक झालेली पिशवी. मोठं पिंप, निम्मं. बाहेर मार्चचं ऊन आहे, तळघरात ते येत नाही, पण कळतं. मोठ्या पिंपाला मी डावा कान लावला. चरचर सुरू झाली होती. ती निम्मी आता निघाली. आणखी दोनतीन आठवड्यांत कोरडी होईल.

"ही?" मार्तीनोनं लहान पिंपाकडे बोट केलं.

"ही गप्प आहे."

त्यानं नुसतं ठेवलेलं बूच उचललं. खिशातून पेला काढला. त्यानं पेला आणला होता. मी काचेच्या नळीनं थोडी काढून दिली. त्यानं ती उजेडाकडे धरली नाही, हुंगली नाही. दगडकाम करणारा माणूस पाणी पितो तशी प्यायला. मग तोंड पुसलं.

"गोड आहे," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे थांबली होती."

"हो."

त्यानं मान हलवली, एखाद्याचं मोजमाप बरोबर निघावं तशी. पेला उपडा करून झटकला आणि खिशात टाकला. मग हातोड्याकडे बघितलं. हातोडा त्याच्या हाताशी होता. एका घावाचं काम. त्याच्याइतका नेमका घाव गावात कुणाचा नाही.

त्यानं बूच उचललं, भोकावर होतं तसंच ठेवलं, बोटानं किंचित सरळ केलं. आणि हात मागे घेतला.

ते अजून ठोकायचं राहिलं आहे.